कागदावर सोळा पूर्ण

सायकल चोरल्याच्या आरोपावरून मला लातुरात पोलिसांनी धरलं, तेव्हा मला सायकल चालवता येत नव्हती. हे मी कुठंही सांगितलं की लोक हसतात आणि एकमेकांकडं बघतात, कारण माझी ख्यातीच तशी आहे. दहातल्या आठ गोष्टी मी फुगवून सांगतो, हे मला मान्य आहे. ही उरलेल्या दोनांतली. हिच्यात फुगवलेलं जे आहे ते मी त्याच वेळी, पोलीस ठाण्यात बसून फुगवलं होतं. आज नव्यानं काही घालायची गरज नाही.

भूकंपाच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मी अकरावी सायन्सला मुदखेडहून लातुरात आलो होतो. आईचा विरोध होता. जमीन हलते तिथं लेकरू कशाला पाठवायचं, हा तिचा सवाल. अण्णांचं उत्तर तयार होतं : "हलू दे. टक्के तर वाढून राहिलेत न तिथले." आणि ते खरंच होतं. आजूबाजूच्या चार जिल्ह्यांतल्या आईबापांनी भूकंप एका पारड्यात आणि मेडिकलची सीट दुसऱ्या पारड्यात घालून पाहिली होती, आणि सीट जड भरली होती. शहरात ज्या भिंतीला तडा गेला होता तिच्यावर फिजिक्सच्या क्लासची पाटी, आणि तडा मोठा असला तर केमिस्ट्रीची. सकाळी सहाला क्लास सुटायचे तेव्हा रस्त्यावर एवढ्या सायकली यायच्या, की पलीकडं जायचं असलेला माणूस तासभर अलीकडंच उभा राहायचा. एक म्हातारी दळण घेऊन अशी उभी राहिली आणि पीठ खराब झालं, असं मी पूर्वी सांगत असे. आता सांगत नाही.

आम्ही दोघं एका खोलीत राहायचो. माझा जोडीदार औशाचा, माझ्याहून वीतभर उंच, आणि सायकल त्याची. घरमालक म्हणजे कोर्टातून रिटायर झालेले शिरस्तेदार. भूकंपात त्यांच्या माडीला भेगा पडल्या, म्हणून त्यांनी मागच्या अंगणात पत्र्याच्या चार खोल्या ठोकल्या. एकीत ते स्वतः राहायचे आणि बाकी तिन्हींत आम्ही पोरं. सकाळी अंघोळ करताना ते कायद्याची कलमं म्हणायचे. दुसरं काही त्यांना पाठच नव्हतं.

आता माझ्या वयाचं सांगितलं पाहिजे, कारण सगळं त्याच्यावर अडलं.

अण्णा मुदखेडजवळच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेचे हेडमास्तर होते. शाळेत दोन शिक्षक. दुसऱ्या शिक्षकाची जागा टिकायची तर पटावर ठराविक पोरं पाहिजेत, म्हणून जूनमध्ये दोघं गुरुजी घरोघर फिरायचे. आईबापाला पोराचा जन्म कधीचा विचारला की उत्तर यायचं, "मोठा दुष्काळ पडला न, त्याच्यानंतर," नाहीतर "बुढा मेला त्या साली." असल्या उत्तराची तारीख करता येत नाही. मग गुरुजी लिहायचे एक जून. साल असं धरायचं, की पोरगं सहा वर्षं पूर्ण होऊन पहिलीत बसलं पाहिजे. आमच्या भागात एक जूनला जेवढी माणसं जन्मली तेवढी बाकीच्या वर्षात मिळून जन्मली नसतील. तलाठी, तहसीलदार, माझे दोन मामा, सगळे एक जून.

एका वर्षी पटाला एक पोरगं कमी पडलं. गाव दोनदा पालथं घातलं, पण सहा वर्षांचं म्हणून खपेल असं कुणी उरलं नव्हतं. अण्णा घरी आले, जेवले, आणि मला खांद्यावर घेऊन शाळेत गेले. मी पावणेचार वर्षांचा होतो. रजिस्टरात माझ्यापुढं एक जून पडला आणि साल दोन वर्षं मागं गेलं. पहिलीचं निम्मं वर्ष मी अण्णांच्या टेबलाखाली झोपून काढलं असं आई सांगते, पण ती माझीच आई आहे, त्यामुळं थोडं कमी धरावं. पुढं मी शिकत गेलो, नंबरात येत गेलो, आणि ती दोन वर्षं सगळे विसरून गेले. वर्गात मी सगळ्यांत बुटका. ते आमच्या घराण्यातच आहे, असं समजलं गेलं.

त्या दिवशी जोडीदाराला ताप होता. सकाळी तो क्लासला गेला, तिथं उलट्या झाल्या, कुणीतरी त्याला रिक्षात घालून खोलीवर आणलं. सायकल क्लासच्या बाहेर राहिली. तीन वाजता तो मला म्हणाला, "किल्ली घे न सायकल घेऊन ये. सांजंला उचलून नेतात तिथून. लई चोऱ्या होऊन राहिल्यात."

"मला येत न्हाई चालवायला."

"चालवाय कोण सांगितलं? धरून आण."

क्लासच्या बाहेर दीडशे सायकली होत्या. खरं म्हणजे साठ असतील. त्यातल्या निम्म्या हिरव्या, एका साच्यातून काढल्यासारख्या, आणि जोडीदाराची हिरवी. मी एका हिरवीला किल्ली लावली, कुलूप उघडलं, मी निघालो. त्या काळी सायकलीच्या कुलुपांचं असं होतं की कुठलीही किल्ली दहातल्या चार कुलुपांना चालायची. हे लातुरातल्या प्रत्येक पोराला माहीत होतं. मी मुदखेडचा.

शंभर पावलं गेलो असेन, तर मागून ओरडा झाला : "माझी सायकल! चोर!" ज्याची होती तो पोरगा पळत आला, त्याच्यामागं त्याचे मित्र, त्यांच्यामागं रस्त्यावर रिकामं असलेलं सगळं गाव. महिनाभर सायकली जात होत्या, त्यामुळं लोक तापलेले होते. मार पडायच्या आत एक शिपाई मध्ये पडला, हे माझं नशीब. त्यानं एका हातात माझी कॉलर धरली, दुसऱ्या हातात सायकल, आणि आम्ही ठाण्यात गेलो.

ठाण्याच्या दगडी इमारतीला भूकंपात तडे गेले होते. त्यामुळं साहेब, जमादार, टेबलं, कपाटं, टेलिफोन, सगळं समोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये आलं होतं. लॉकअप मात्र जुन्या इमारतीतच होतं. गज उचलून शेडमध्ये आणता येत नाहीत. महिन्या-दोन महिन्यांनी जमीन अजून हलायची. ती हलली की शेडमधले लोक मैदानात पळायचे आणि आतले आतच राहायचे. शेडच्या दारातून मला ती इमारत दिसत होती. एका तड्यातून पिंपळाचं रोप बाहेर आलं होतं.

जमादार पन्नाशीचे, चेहऱ्यानं आमच्या मामासारखे. त्यांनी मला समोर उभं केलं.

"किती चोरल्या?"

"एक पण न्हाई, साहेब. चुकून—"

एक चापट बसली. फार जोराची नव्हती, सवयीची होती. मग त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि आवाज खाली आणला.

"हे बघ बाळा. अकरावीला हाईस न? परीक्षा हाय न? खरं सांगून टाक, सोडतो. खोलीवर जा, अभ्यास कर. किती?"

मला खोलीवर जायचं होतं. मी म्हणालो, "पाच."

त्यांचा चेहरा पडला. "पाचच? माझ्याकडं तक्रारी अकरा हायत."

कुणाचा चेहरा पडला की मला आजही राहवत नाही. मी म्हणालो, "अकराच, साहेब. विसरलो होतो."

त्यांनी चहा मागवला. सोबत खारी आली. ते लिहून घेऊ लागले आणि मान हलवत मला "शाब्बास" म्हणाले. लातुरात येऊन चार महिने झाले होते, आणि शाब्बास म्हणणारं हे पहिलं माणूस. क्लासमध्ये दोनशे पोरांत सरांना माझं नावही माहीत नव्हतं. खारी संपेपर्यंत मी आकडा तीसवर नेला.

"तीस?"

"तीस. काही तक्रारी आल्याच नसतील तुमच्याकडं."

"कुठं विकल्या?"

"हिमायतनगरला." माझी मावशी तिथं राहते. त्याच्याहून लांबचं गाव मी पाहिलं नव्हतं.

"एवढ्या लांब? न्यायला कोण होतं?"

"एक माणूस हाय. लई उंच. एका डोळ्यानं आंधळा. तो यायचा घोड्यावर—"

"घोड्यावर?" जमादारांचा पेन थांबला.

"मोटारसायकलवर," मी म्हणालो. "घोड्यासारखी होती."

हे सगळं त्यांनी लिहून घेतलं. उंच आणि एका डोळ्याचा माणूस त्या आठवड्यात लातुरात पोलिसांना सापडला नाही. सापडला असता तर त्याचं काय झालं असतं, हा विचार मला पुढं बरीच वर्षं पुरला. आज मी लातुरातच केमिस्ट्रीचे क्लास घेतो. पोरांच्या भानगडीत पालक येईपर्यंत कधीमधी ठाण्यात जाऊन बसावं लागतं. पोराची विचारपूस करताना आईबाप का पाहिजेत, असं कुणी विचारलं की लोक मारहाणीचं बोलतात. मारहाण असते, मी नाही म्हणत नाही. मला एकच चापट बसली होती, आणि तिच्यानंतरही मी पाचवरच होतो. बाकीच्या पंचवीस गोड बोलण्यावर आणि चहावर गेल्या. अण्णा शेजारी बसलेले असते तर मी "पाच" म्हणताच त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं असतं.

मग जमादारांनी विचारलं, "वय?"

"चौदा."

दुपारपासून मी सांगितलेली ही पहिली खरी गोष्ट, आणि तीच त्यांना पटली नाही. "अकरावीला चौदा? उल्लू समजतो का मला?" त्यांनी माझ्या खिशातलं कॉलेजचं ओळखपत्र काढलं, जन्मतारीख वाचली, बोटांवर मोजलं. "सोळा वर्षं चार महिने. सोळा पूर्ण. चल, झालं."

काय झालं ते मला कळलं नाही. ते कळलं शिरस्तेदार आल्यावर. ही गोष्ट जोडीदाराच्या कानावर गेली होती, आणि त्यानं तापात उठून त्यांना सांगितलं होतं. ते छत्री घेऊन आले, पाऊस नव्हता तरी. तोवर इन्स्पेक्टर साहेब पण बाहेरून आले होते. तरुण होते, दमलेले होते, आणि समोर तीस सायकलींचा कबुलीजबाब तयार होता.

शिरस्तेदारांनी नमस्कार केला आणि सुरू झाले. सोळाच्या आतलं पोरगं कायद्यानं बाल. त्याला लॉकअपमध्ये टाकता येत नाही, बेडी घालता येत नाही, ताबडतोब आईबापाला कळवावं लागतं. उभं करायचं ते बाल न्यायालयात, ठेवायचं तर निरीक्षणगृहात. "आणि साहेब, पोलिसापुढं दिलेला कबुलीजबाब तर मोठ्या माणसाचाही कोर्टात चालत नसतो. हे तर लेकरू हाय."

साहेबांनी ऐकून घेतलं आणि ओळखपत्र पुढं केलं. "सोळाच्या आतलं असतं तर मीच तसं केलं असतं काका. हे बघा."

शिरस्तेदारांनी चष्मा लावला. आयुष्यभर ते कागदावर जगले होते. कागद एक सांगतो आणि माणूस दुसरं, असा प्रसंग आला की त्यांनी नेहमी कागदाची बाजू घेतली होती. त्यांनी ओळखपत्र दोनदा वाचलं. मग माझ्याकडं वळले.

"खरं किती?"

"चौदा. ते अण्णांनी लिहिलंय तसं."

"अण्णा म्हणजे?"

"वडील. हेडमास्तर हायत. पटाला एक कमी पडत होतं."

ते खुर्चीवर बसले. "अरे बाप्पा," एवढंच म्हणाले.

पण माणूस कोर्टातला होता. थोड्या वेळानं त्यांना वाट सुचली : वयाबद्दल शंका आहे, तर शंका फिटेपर्यंत आत घालू नका, इथं शेडमध्ये बसू द्या, मी शेजारी बसतो. मॅजिस्ट्रेटपुढं न्यायला उद्या चारपर्यंत वेळ आहे. तोवर बाप कागद घेऊन येईल. साहेब तोंडावरून हात फिरवत म्हणाले, "बसा. पण चारला मी नेणार. तोवर दुसरा कागद आला नाही, तर मोठ्यांच्या कोर्टात उभा राहील आणि तिथून जेलात."

मुदखेडला आमच्या घराशेजारी आडत दुकान होतं, तिथं फोन गेला. रात्र बाकावर गेली. शिरस्तेदार शेजारी बसून घोरत होते, छत्री मांडीवर.

दुसऱ्या दिवशी एक वाजता अण्णा आले. धोतराला घडी, डोक्यावर टोपी, हातात कापडी पिशवी. माझ्याकडं त्यांनी पाहिलं, माझे हात बघितले, पाय बघितले, आणि साहेबांकडं वळले. मी कसा आहे हे त्यांनी विचारलं नाही. पिशवीत दोन कागद होते, हे मला नंतर समजलं. एक शाळेच्या रजिस्टरचा उतारा, त्यांच्याच सहीशिक्क्याचा. दुसरा ग्रामपंचायतीचा जन्माचा दाखला, जो आईनं ट्रंकेत तळाशी ठेवला होता. मुदखेड ते लातूर, पाच तासांच्या प्रवासात, कोणता काढायचा हे त्यांनी ठरवलं नव्हतं.

साहेब चांगले होते. त्यांनी अण्णांना बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि आडपडदा न ठेवता बोलले.

"गुरुजी, दोन रस्ते हायत. तुमचं रजिस्टर खरं, तर पोरगं सोळाच्या वर. मी त्याला चारला मोठ्यांच्या कोर्टात नेतो. वकील द्या, जामीन होईल, आठ दिवस लागतील, महिना लागेल. सुटेलही. पण रजिस्टर खोटं असलं, तर खोटं लिहिणारे तुम्ही. सरकारी नोकर. ते तुम्हाला इथं माझ्यापुढं लिहून द्यावं लागेल, आणि तो कागद मी शिक्षण खात्याला पाठवल्याशिवाय राहू शकत नाही."

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आणि अजून एक," शिरस्तेदार हळूच म्हणाले. "मेडिकलला सतरा पूर्ण लागतात. हे बारावी होईल तेव्हा खऱ्या वयानं सोळाचंही होत न्हाई. विचार करा, गुरुजी."

शेडमध्ये पंखा नव्हता. पत्रा तापला होता. बाहेर कुणीतरी साहेबांची जीप धूत होतं. अण्णांचा हात पिशवीत गेला आणि तिथंच राहिला.

आदल्या दिवशी मी जे काही बोललो ते लोकांना खूश करायला. आत्ता मात्र मी जे बोललो ते विचार करून, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदा.

"साहेब," मी म्हणालो, "मी सोळाचाच हाय. काल खोटं बोललो. दाढी पण येऊन राहिली मला."

साहेबांनी माझ्या हनुवटीकडं बघितलं. जमादारांनीही बघितलं. तिथं काहीच नव्हतं. जमादार हसले, पण लगेच थांबले, कारण अण्णा हसत नव्हते.

"सोळाचा हाय मी," मी परत म्हणालो. "आत टाका मला. चालतंय."

समोरच्या इमारतीकडं माझी पाठ होती, पण ती कुठं आहे हे मला बरोबर ठाऊक होतं.

अण्णांनी पिशवीतून हात बाहेर काढला. हातात ग्रामपंचायतीचा दाखला होता.

"खोटं बोलतोय तो," ते म्हणाले. "चौदा वर्षं न तीन आठवडे. गौरीच्या दुसऱ्या दिवशी झाला. लिहून देतो. कागद द्या."

"गुरुजी, परत विचार—"

"कागद द्या साहेब."

त्यांनी लिहिलं. ते त्यांचं शाळेतलं अक्षर होतं, फळ्यावरचं, एकही रेघ वाकडी नसलेलं. सदर विद्यार्थी माझा मुलगा असून शाळेचा पट पूर्ण करण्यासाठी मी स्वतः त्याचं वय दोन वर्षं तीन महिने वाढवून लिहिलं. मी ते जाणूनबुजून लिहिलं. खाली सही, खाली हुद्दा. हुद्दा लिहिला नसता तरी चाललं असतं, असं शिरस्तेदार नंतर म्हणाले.

चार वाजता मला कुठंही नेलं नाही. अण्णांनी हमीपत्र भरलं आणि मी त्यांच्याबरोबर बाहेर आलो. बाहेर रसवंतीवर त्यांनी दोन ग्लास सांगितले. माझा मी एका घोटात संपवला, तर त्यांनी त्यांचाही माझ्यापुढं सरकवला. मग विचारलं, "मारलं का?"

"एकच."

"बरं."

पुढच्या आठवड्यात बाल न्यायालय. मला वाटलं होतं उंच चौथरा, काळे कोट, लाकडी हातोडा. होती एक साधी खोली, साधं टेबल, आणि टेबलामागं साडीतल्या एक बाई. जमादार बुशशर्टात आले होते. बाल न्यायालयात वर्दी चालत नाही, हे शिरस्तेदारांनी आधीच सांगून ठेवलं होतं. त्या बुशशर्टावर कमळाची फुलं होती. वर्दी नसली की माणूस केवढा लहान दिसतो! अण्णा माझ्या शेजारी बसले, त्यांचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागून.

बाईंनी तीस सायकलींचा जबाब वाचला. वाचता वाचता घोड्यासारख्या मोटारसायकलीपाशी आल्या तेव्हा क्षणभर थांबल्या. मग मला म्हणाल्या, "काय झालं ते सांग. घाई नाही."

मी बोलायला लागलो आणि अण्णांनी गुडघा जरासा दाबला. मी सहा वाक्यांत सांगितलं. ताप, किल्ली, हिरवी सायकल, ओरडा, ठाणं, चहा. एवढी छोटी गोष्ट मी आयुष्यात परत सांगितलेली नाही.

शिरस्तेदारांनी मागून विनंती केली, की पोराला सायकल येत नाही याची खात्री करून घ्यावी. बाई म्हणाल्या, घ्या. आवारात शिपायाची सायकल होती. मला बसवलं, सोडलं, आणि मी सरळ जाऊन मेंदीच्या कुंपणात घुसलो. शिपायानं हँडल सरळ केलं आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू मी खरंच तीस सायकलींचं वाटोळं केलंय. मग जोडीदाराची किल्ली आवारातल्या सायकलींना लावून बघितली. चारांपैकी दोन उघडल्या. त्यातली एक जमादारांची होती.

प्रकरण तिथं संपलं. माझ्यापुरतं.

अण्णांची चौकशी दीड वर्ष चालली. ते लपवायला काही नाही म्हणाले, त्यामुळं चौकशी करणाऱ्यांनाच अवघड गेलं. त्यांची वेतनवाढ थांबवली, हेडमास्तरकी गेली, आणि बदली झाली ती हिमायतनगरच्याही पलीकडं, तेलंगी बोलणाऱ्या वस्तीवर. तिथं पहिल्या महिन्यात पोरांना ते कळत नव्हते आणि त्यांना पोरं. माझी जन्मतारीख मात्र खात्यानं शाळेपासून बोर्डापर्यंत सगळीकडं दुरुस्त केली. सरकारी कामात असा वेग मी परत पाहिला नाही.

आता सोळाचे अठरा झालेत. ठाण्यात पोरांसाठी वेगळा अधिकारी असतो, तो साध्या कपड्यात बोलतो. वय ठरवायची वेळ आली, की कायदा अजूनही आधी शाळेचा कागद मागतो, आणि शाळेचा कागद कोण लिहितं ते मला माहीत आहे.

बारावीला मला जे मार्क पडले ते मी सांगत नाही, कारण कुणाचा विश्वास बसत नाही. मेडिकलचा फॉर्म भरला, तो परत आला. वय कमी. आई दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ती अण्णांशी : "झालं समाधान? लेकराचे दोन साल गेले न?" अण्णांनी ऐकून घेतलं. दोन वर्षं घरी बसून मग परत भरता आला असता. माझ्यात तेवढा धीर नव्हता, आणि खरं सांगायचं तर अण्णांवर राग होता. तो मी कधी बोललो नाही, पण त्यांना दिसत होता.

नांदेडला बी.एस्सी.च्या प्रवेशाला अण्णा रजा काढून माझ्याबरोबर आले. खिडकीसमोर लांबलचक रांग, बाकावर बसून फॉर्म भरायचा. आजवर माझा प्रत्येक फॉर्म त्यांनीच भरला होता. नाव, पत्ता, जात, सगळं भरून ते जन्मतारखेच्या रकान्यापाशी आले आणि पेन माझ्या हातात दिलं. मी भाद्रपदातली ती तारीख लिहिली.

खिडकीतल्या कारकुनानं फॉर्म वरून खाली वाचला आणि बाहेर सरकवला. "गुरुजी, पंधरा वर्षांचं पोरगं बी.एस्सी.ला कुठून आलं? साल चुकलंय. एवढं दोन वर्षांनी मागं घ्या, मी खाडाखोड चालवून घेतो."

अण्णांनी फॉर्म परत आत सरकवला.

"साल बरोबर हाय," ते म्हणाले. "घ्या तुम्ही."